भूतकाळ जुळला, म्हणून भविष्य जुळेल?

जमिनीखाली तेलाचे तळे असते, अशी समजूत अजूनही आढळते. प्रत्यक्षात तेल असते खडकाच्या बारीक छिद्रांत, भिजलेल्या विटेत पाणी असावे तसे. म्हणूनच विहीर खणली की सगळे तेल वर येत नाही. जगभरची सरासरी पाहिली तर मूळ साठ्यातले साधारण एक तृतीयांश तेलच हाती लागते. बाकीचे खडकातच राहते. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारताला या मागे राहिलेल्या तेलाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

मुंबई हायचेच उदाहरण घ्या. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेल उपसले जाते तसा साठ्यातला दाब उतरतो. तो टिकवण्यासाठी १९८४ पासून तिथे खडकात पाणी दाबून सोडले जाऊ लागले. या पाण्याने तेलाला विहिरीकडे ढकलावे, ही अपेक्षा. पण पाणी सोपी वाट धरते. एखाद्या थरातून ते सहज वाहू शकत असेल, तर त्यातूनच थेट विहिरीत पोचते आणि शेजारच्या थरातले तेल जागीच राहते. मग पाणी कुठे सोडायचे, किती सोडायचे, नवी विहीर कुठे खणायची? भर समुद्रात विहीर खणण्याचा खर्च पाहता ‘करून बघू’ म्हणण्याची सोय नसते. म्हणून आधी ते संगणकावर करून बघतात. यालाच रिझर्व्हायर सिम्युलेशन म्हणतात.

त्याची रीत समजायला सोपी आहे. सगळा साठा छोट्या ठोकळ्यांत विभागला आहे, अशी कल्पना करायची. प्रत्येक ठोकळ्याला सच्छिद्रता, पार्यता (म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता), दाब आणि तेल, पाणी, वायू यांचे प्रमाण द्यायचे. मग दोन नियम लावायचे. पहिला जमाखर्चाचा: ठोकळ्यात आले किती, गेले किती, उरले किती. दुसरा आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी झिरपवण्याच्या प्रयोगांवरून १८५६ मध्ये मांडलेला: दाबातला फरक जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. हे गणित ठोकळ्यामागून ठोकळा, दिवसामागून दिवस पुढे न्यायचे. १९८१ मध्ये सात कंपन्यांनी आपापले प्रोग्राम एकाच उदाहरणावर ताडून पाहिले, तेव्हा त्यात ३०० ठोकळे होते. २००१ मधल्या तशाच एका उदाहरणात ते ११ लाखांवर गेले.

खरी अडचण गणितात नाही, माहितीत आहे. खडकाचा प्रत्यक्ष नमुना मिळतो तो विहिरीतूनच, तोही काही इंच जाडीचा. दोन विहिरींमधल्या शेकडो मीटर खडकाबद्दल बराचसा तर्कच करावा लागतो. म्हणून ‘इतिहास जुळवणी’ करतात. विहिरींनी आजवर किती तेल, किती पाणी दिले, ते प्रतिरूपातून तसेच निघेपर्यंत ठोकळ्यांचे गुणधर्म बदलत राहायचे.

पण इतिहास जुळला म्हणजे खडक कळला का? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या तवस्सोली, कार्टर आणि किंग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न तपासला. त्यांनी संगणकावरच एक काल्पनिक साठा ‘खरा’ मानला. त्यातल्या फक्त तीन गोष्टी अज्ञात धरल्या आणि असंख्य प्रतिरूपे चालवून पाहिली. इतिहासाशी सर्वांत चांगल्या जुळलेल्या प्रतिरूपातली मूल्ये खऱ्या मूल्यांपासून दूर निघाली. अशा प्रतिरूपाचे भाकीत फसू शकते, हा त्यांचा निष्कर्ष. अज्ञात गोष्टी तीनच असताना ही गत, तर लाखो ठोकळ्यांची काय कथा!

म्हणून सिम्युलेशन निरुपयोगी ठरत नाही. ते वापरण्याची पद्धत बदलते. एकाच प्रतिरूपावर भिस्त न ठेवता इतिहासाशी जुळणारी अनेक प्रतिरूपे बाळगायची आणि त्यांतल्या बहुतेकांत फायद्याची ठरेल तिथे विहीर खणायची. प्रतिरूपांचे जिथे एकमेकांशी पटत नाही, तिथे आधी नवी मोजमापे घ्यायची. तेल नेमके कुठे आहे, हे संगणक छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपले अज्ञान कुठे महागात पडेल, हे मात्र तो दाखवू शकतो, आणि विहीर खणण्याआधी तेच कळायला हवे असते.