जादा टाकीने हवा वाढत नाही

“एक एचपीचाच कंप्रेसर आहे, पण शेजारी अजून एक टाकी जोडली की दोन एचपीचं काम देतो.” सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरची पंक्चरची दुकानं, वळसंगातल्या फर्निचरच्या आणि वेल्डिंगच्या शेड, घराच्या पडवीत दुचाकी रंगवणारी पोरं, कुठेही विषय काढा, हे वाक्य येतंच. सांगणारा छातीठोकपणे सांगतो आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी सोलापूरला भंगारात टाकी शोधायला निघतो.

हे साफ चूक आहे. टाकी हवा साठवते. हवा तयार करतो तो वरचा हेड, त्यातला पिस्टन. तो मिनिटाला जेवढी हवा दाबून देईल तेवढीच तुमची कमाई. बोअरला एक इंच पाणी असेल, तर गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवा नाहीतर पाच हजारांची, बोअर इंचाचाच राहतो. वळसंगच्या पट्ट्यात ही गोष्ट शाळकरी पोराला माहीत असते. मग हवेच्या बाबतीत जाणती माणसंसुद्धा उलटं का बोलतात?

आकड्यांत बघू. आपल्याकडे घरगुती वर्कशॉपमध्ये नेहमी दिसणारा संच घ्या: एक एचपी, सिंगल फेज, १०० लिटरची टाकी, प्रेशर स्विच ८ किलोला बंद आणि ६ किलोला चालू. इथे किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, जवळपास वातावरणाच्या दाबाइतका. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाचा इथे एवढाच अर्थ लक्षात ठेवायचा: टाकीतला दाब एक किलोने वाढवायला टाकीच्या आकारमानाइतकी बाहेरची हवा आत कोंबावी लागते. म्हणजे १०० लिटरची टाकी शून्यापासून ८ किलोपर्यंत भरायला ८०० लिटर हवा. हेड मिनिटाला १०० लिटर देत असेल, म्हणजे साडेतीन सीएफएम (मिनिटाला घनफूट), तर टाकी भरायला आठ मिनिटं. तेवढीच दुसरी टाकी जोडली की सोळा.

आता रंगाची गन लावा. गन मिनिटाला २८० लिटर हवा खाते, म्हणजे साधारण दहा सीएफएम, आणि टाकीतला दाब ३ किलोच्या खाली गेला की फवारा फाटायला लागतो. ८ वरून ६ किलोपर्यंत मोटर बंदच असते. त्यात ४३ सेकंद जातात. मग मोटर सुरू होते, पण १०० लिटर येतात आणि २८० जातात. ६ वरून ३ वर यायला अजून एक मिनिट चाळीस सेकंद. सगळं मिळून सव्वादोन मिनिटांच्या थोडं पुढे. त्यानंतर गन टांगून ठेवायची आणि टाकी पुन्हा ८ ला जाईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं.

दोन टाक्या असतील तर? पावणेपाच मिनिटं फवारा, दहा मिनिटं थांबा. तासाभराचा हिशेब मांडा. एक टाकी असो की दोन, फवारणी तासाला १९ मिनिटांच्या आसपासच होते. एक मिनिटही वाढत नाही.

तरी लोकांना फरक जाणवतो, कारण गेजचा काटा सावकाश उतरतो. टाकी जोडून देणारा ट्रायल दाखवतो तेव्हा दोन्ही टाक्या गच्च भरलेल्या असतात, आणि पहिली चार मिनिटं कंप्रेसर खरोखरच दांडगा वाटतो. पुढची दहा मिनिटं कुणी घड्याळ लावून बघत नाही. त्या दहा मिनिटांत हेडचं काय होतं, तेही बघायला हवं. आधी तो सलग साडेसहा-सात मिनिटं चालत होता. आता तेरा मिनिटांच्या वर चालतो. हे छोटे पिस्टन कंप्रेसर मध्येमध्ये थंड व्हायला मिळेल असं धरून बनवलेले असतात. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याच्या शेडमध्ये तेरा मिनिटं सलग चाललेल्या हेडवर हात ठेवून बघू नका, पोळेल. व्हॉल्व्हची पट्टी आणि गॅस्केट लवकर जातात ती याच उष्णतेने.

स्वतःच्या कंप्रेसरची खरी कमाई मोजायला कुणाकडे जावं लागत नाही. सगळे कॉक बंद करा, दाब ६ वर असताना मोटर सुरू होऊ द्या आणि ८ ला बंद होईपर्यंत मोबाइलवर वेळ घ्या. टाकीचे लिटर गुणिले दोन, भागिले मिनिटं. १०० लिटरच्या टाकीला दोन मिनिटं लागली तर मिनिटाला १०० लिटर. तीन मिनिटं लागली तर ६७. कंप्रेसरच्या पाटीवरचा सीएफएम याहून बराच मोठा दिसेल, कारण तो बहुतेक वेळा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. लहान, एका टप्प्याच्या कंप्रेसरमध्ये हातात त्याच्या साठ-सत्तर टक्केच येतात. हा आकडा आणि गनच्या किंवा ग्राइंडरच्या खोक्यावर छापलेला हवेचा खप शेजारी शेजारी लिहा. खप मोठा असेल आणि काम सलग असेल, तर मोठा हेड आणि त्याला पेलणारी मोटर, याला दुसरा पर्याय नाही. पॉलिशचा सँडर आणि सँडब्लास्टिंग तर टाकीच्या भरवशावर कधीच होत नाही.

जादा टाकी मग बिनकामाची का? मुळीच नाही. काम झटक्याचं असेल आणि मध्ये उसंत असेल तिथे ती सोन्यासारखी आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला दाब थोडा पण हवा अमाप लागते. एक चाक भरलं, मालक चहाला गेला, तोवर टाक्या भरल्या, असं काम असेल तर दुसरी टाकी जरूर घ्या. कपाटाचं एक दार किंवा दुचाकीची पेट्रोल टाकी एका हातात, मध्ये न थांबता रंगवायची असेल, तर ती जादाची दोन-अडीच मिनिटंच मोलाची असतात. मोटर कमी वेळा सुरू होते, हा आणखी एक फायदा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे प्रत्येक स्टार्टला कपॅसिटर आणि वाइंडिंगवर ताण येतो, म्हणून स्टार्ट कमी झालेले बरेच. शिवाय दुसऱ्या टाकीत हवा आणखी निवते आणि पाणी तिथेच बसतं, गनपर्यंत कमी जातं.

पण टाकी कोणती? इथे दुसरा गैरसमज येतो, आणि त्याची मला खरोखर धास्ती वाटते. “घरच्या गॅसची टाकी २५ किलोला टेस्ट केलेली असते, आपल्या ८ किलोला तिला काय होतंय?” २५ किलोच्या चाचणीची गोष्ट खरी आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरची ती चाचणी पाणी भरून होते, आणि कोरड्या गॅससाठी नव्या सिलिंडरची होते. कंप्रेसरची हवा ओली असते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर मिनिटाला १०० लिटर देणारा हेड तासाभरात १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी टाकीत सोडतो. गॅसच्या सिलिंडरला वर एकच तोंड, खाली ड्रेन नाही. ते पाणी तळाशी बसून पातळ पत्रा आतून खातं, आणि बाहेरचा लाल रंग तसाच चकचकीत राहतो. ड्रेनसाठी भोक पाडायला किंवा निपल वेल्ड करायला गेलात, तर आत उरलेल्या गॅसने वेल्डिंगच्या वेळीच भडका उडू शकतो. आणि ते सिलिंडर तुमचं नसतंच. अनामत भरली तरी मालकी तेल कंपनीची राहते, आणि एलपीजी पुरवठ्याच्या २००० सालच्या केंद्रीय आदेशानुसार असा वापर बेकायदा आहे. ऑक्सिजनच्या जुन्या सिलिंडरचं तर नावही काढू नका: आत उरलेला ऑक्सिजन आणि कंप्रेसरच्या हवेतलं तेल एकत्र आलं की आग लागते. एका वायूचं सिलिंडर दुसऱ्यासाठी वापरायचं तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी लागते.

“हवाच तर आहे, फुटली तर फुस्स होईल,” असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. ८ किलोला भरलेल्या १०० लिटरच्या टाकीत सुमारे १०० किलोज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. हजार किलो वजन दहा मीटर उंच उचलायला एवढीच लागते, आणि टाकी फाटते तेव्हा ती क्षणात सुटते. चाचणी पाण्याने करतात ती यासाठीच. पाणी दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी थोडं पाणी उडतं आणि दाब उतरतो. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात कलम ३१ केवळ दाबाच्या यंत्रसामग्रीसाठी घातलं गेलं. घरच्या शेडमध्ये तपासणीला कुणी येत नाही, म्हणून ती जबाबदारी आपली. जुनी टाकी घ्यायचीच तर हवेचीच घ्या. पाटीवर बनवणाऱ्याचं नाव, कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि साल वाचता यायला हवं. भारतीय मानकांपैकी आयएस २८२५ किंवा आयएस ७९३८ चा उल्लेख असेल तर उत्तम. पाटी खरवडून काढलेली टाकी फुकट मिळाली तरी नको. जोडण्याआधी पाणी भरून चाचणी करून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. स्विच पिळून १० किलोवर नेला की जास्त हवा साठते हे खरं, पण हेड, मोटर आणि टाकी त्या दाबासाठी नसतील तर तो आत्मघात आहे. पहिल्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे म्हणून दुसरीला नको, असं नाही. मध्ये कॉक असेल तर दुसरीला स्वतःचा हवाच, आणि सगळा संच दोघींपैकी कमजोर टाकीच्या दाबावर चालवायचा. पीव्हीसीचा पाइप पाण्याला चालतो म्हणून हवेला चालत नाही. तो फुटताना त्याचे धारदार तुकडे उडतात, आणि अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच तसा इशारा दिलेला आहे. आणि ड्रेन कॉक महिन्याला नव्हे, रोज काम संपल्यावर उघडायचा.

जोडणी कुठून घ्यायची, यात हमखास चूक होते. मोटर बंद होताना जो फुस्स आवाज येतो, तो हेड आणि एनआरव्ही (टाकीतली हवा उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) यांच्यामधल्या नळीतली हवा सुटल्याचा. पुढच्या वेळी मोटर बिनभाराची सुरू व्हावी म्हणून ती सोडलेली असते. दुसऱ्या टाकीचा टी त्या नळीवर बसवला, तर स्विच अख्खी टाकी रिकामी करायला लागतो आणि मोटर भाराखाली अडकते. टी नेहमी एनआरव्हीच्या पलीकडे, पहिल्या टाकीच्या आउटलेटवर. मध्ये बॉल व्हॉल्व्ह आणि थरथर सोसेल असा दाबाचा रबरी होज. रोजची फुटकळ कामं पहिल्या टाकीवर, व्हॉल्व्ह बंद ठेवून करा. ट्रॅक्टर आला किंवा रंगकाम निघालं की तो हळूहळू उघडा, दोन्ही गेजचे काटे एका आकड्यावर येऊ द्या, आणि दोन्ही टाक्या ८ ला पोचल्यावरच गन हातात घ्या.