शिडी आणि तिच्या आधीचा प्रश्न

२० मार्च २०२५ला जागतिक आनंद अहवाल आला आणि त्याची बातमी दोन ओळींत संपली. फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. भारत १२६व्या क्रमांकावरून ११८व्या क्रमांकावर. भारत आठ पायऱ्या वर सरकला म्हणून कोणी सुखावलं, पाकिस्तान १०९वा कसा म्हणून कोणी चिडलं. मूळ प्रश्न मात्र या गदारोळात मागेच राहिला. हा आकडा किती पक्का आहे? त्याच माणसांना तोच प्रश्न पंधरा दिवसांनी विचारला असता, तर उत्तर तेच आलं असतं का?

अहवालातला क्रमांक फक्त एका प्रश्नावर उभा आहे. शून्य ते दहा अशा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ साली ही शिडी मांडली. गॅलप संस्था बहुतेक देशांत वर्षाला हजारेक लोकांना हा प्रश्न विचारते आणि तीन वर्षांच्या सरासरीवरून क्रमांक लागतो. भारताचे गुण वर्षभरात ४.०५४ वरून ४.३८९ झाले. म्हणजे चढण साधारण एक तृतीयांश पायरीची.

प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी याच शिडीची अमेरिकेत जी उलटतपासणी घेतली, ती अशा क्रमवाऱ्यांवर बोलणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवी. डीटन यांना पुढे २०१५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गॅलप २००८ पासून रोज हजार अमेरिकी लोकांना फोन करून त्यांच्या आयुष्याबद्दल विचारत होती. मंदीच्या काळात लोकांच्या मनाचं काय झालं, हे डीटन त्या आकड्यांत शोधत होते. शोधताना त्यांच्या हाती भलतंच काही लागलं. निवडणुकीच्या दिवसांत मुलाखतीच्या सुरुवातीलाच राजकीय प्रश्न येत आणि त्यांच्या पाठोपाठ शिडी येई. २००९ च्या सुरुवातीला काही आठवडे गॅलपने निम्म्या लोकांना हे राजकीय प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही; कोणाला विचारायचे हे निव्वळ योगायोगावर सोडलं होतं. ज्यांना विचारले, ते शिडीवर सरासरी अर्ध्या पायरीहून अधिक खाली आले.

डीटन यांनी याचा हिशेब मांडला. माणसाची नोकरी जाते तेव्हा त्याचे गुण जेवढे घसरतात, त्याहून ही घसरण थोडीशीच कमी होती. केवळ बेकारीमुळे देशाची सरासरी इतकी खाली यायची असेल, तर तीन चतुर्थांश लोकसंख्येला नोकरी गमवावी लागली असती. इथे कोणाचीही नोकरी गेली नव्हती. आधी एक वेगळा प्रश्न आला होता, एवढंच.

भारताची एक तृतीयांश पायरी या अर्ध्या पायरीशेजारी ठेवून पाहावी. भारतातल्या मुलाखतींत असं काही घडलं असं म्हणायला कोणताही आधार नाही, आणि तसं सुचवणं अन्यायाचं होईल. पण आठ क्रमांकांच्या झेपेचा अर्थ लावायला बसलेल्यांनी आधी प्रश्नांचा क्रम, मुलाखतीची पद्धत आणि नमुना तोच राहिला होता का, हे तपासायला हवं. डीटन यांच्या कामाचा पुढचा भाग दिलासा देणारा आहे. राजकीय प्रश्न आणि शिडी यांच्यामध्ये 'आता तुमच्या स्वतःच्या आयुष्याकडे वळूया' अशा धर्तीचा एक प्रश्न घातला, आणि घसरण जवळजवळ नाहीशी झाली. चूक शोधून, मोजून दुरुस्त करता आली.

आता पंधरा दिवसांच्या प्रश्नाकडे. अॅलन क्रूगर आणि डेव्हिड श्केड यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२९ महिलांना दोन आठवड्यांच्या अंतराने तेच प्रश्न पुन्हा विचारले. एकूण आयुष्याबद्दलच्या समाधानाच्या दोन्ही वेळच्या उत्तरांतला सहसंबंध ०.५९ निघाला. पूर्ण जुळणी झाली असती तर तो १ आला असता. शिक्षण किंवा उत्पन्नाबद्दलची उत्तरं याहून बरीच स्थिर असतात. हजारो लोकांची सरासरी काढायची असेल, तर ०.५९ चालून जातं, कारण एकेकाचे चढउतार एकमेकांना छेद देतात. एकट्या माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला मात्र ते पुरत नाही. हा फरक कचेऱ्यांत आणि कॉलेजांत रोज पुसला जातो, आणि तिथेच खरं नुकसान होतं.

आणखी एक गोष्ट कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यू यॉर्क विद्यापीठाचे पॅट्रिक श्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की चिंता, उदासी, शारीरिक तक्रारी यांबद्दल माणूस पहिल्यांदा उत्तर देतो तेव्हा त्या जास्त सांगतो. तीच प्रश्नावली पुन्हा समोर आली की कमी सांगतो. मध्ये काहीही केलेलं नसलं तरी. मग जूनमध्ये प्रश्नावली, जुलैत तणावमुक्तीची कार्यशाळा, ऑगस्टमध्ये पुन्हा तीच प्रश्नावली आणि 'तणाव घटला' असा अहवाल, यातला किती वाटा कार्यशाळेचा? कार्यशाळा न केलेल्या लोकांनाही त्याच दोन तारखांना विचारलं नसेल, तर सांगता येत नाही.

तेच प्रश्न पुन्हा विचारून पाहणं हे विश्वासार्हतेचं एक प्रमाणपत्र; दुसरं म्हणजे क्रॉनबॅक आल्फा. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली ते मांडलं. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे त्यातून कळतं. ०.८ च्या वर आकडा गेला की शोधनिबंधात 'प्रश्नावली विश्वासार्ह' असं वाक्य उमटतं. पण एकच गोष्ट शब्द फिरवून दहादा विचारली, तरी आल्फा चढतो. प्रश्न सुसंगत आहेत एवढंच त्यातून सिद्ध होतं. ते नेमकं काय मोजतात, हे नाही. आयको फ्राइड यांनी २०१७ मध्ये नैराश्याच्या सात प्रचलित प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली. सातही प्रश्नावल्यांत आढळणारी लक्षणं १२ टक्के; फक्त एकाच प्रश्नावलीत असलेली ४० टक्के. नैराश्याचे गुण इतके आले असं कोणी सांगितलं, तर कोणत्या प्रश्नावलीवर, हे विचारणं म्हणूनच गरजेचं ठरतं.

मग अशा प्रश्नावल्यांपैकी कुठली आपल्याकडे चालते? याचं एक नेटकं उत्तर गोव्यातून आलं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पाच प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ५९८ रुग्णांवर पाच प्रश्नावल्या एकाच वेळी तपासल्या आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डेव्हिड गोल्डबर्ग यांची बारा प्रश्नांची सामान्य आरोग्य प्रश्नावली, वीस प्रश्नांची एसआरक्यू, पीएचक्यू, आणि के-१० व के-६ अशा त्या पाच. त्यांतून आलेले गुण सविस्तर निदान-मुलाखतीशी ताडून पाहिले. इथे कसोटी खरी होती: लोक आपले, दवाखाने आपले, आणि तुलनेला पक्का निकष.

पाचही प्रश्नावल्या आजारी आणि निरोगी यांच्यात बऱ्यापैकी फरक करू शकल्या. गोल्डबर्ग यांची आणि एसआरक्यू या दोन सरस ठरल्या. पण सर्वांत योग्य कटऑफ, म्हणजे किती गुणांपासून त्रास मानायचा ती रेघ, लावूनही, प्रश्नावलीने 'त्रास असावा' म्हटलेल्यांपैकी मुलाखतीत खरोखर आजार सापडला तो ५१ ते ७७ टक्के लोकांतच. संशोधकांनी त्यावरून व्यवहार्य सल्ला दिला. प्रश्नावली ही पहिली चाळणी. ज्यांना बहुधा काही त्रास नाही त्यांना तिने बाजूला काढावं, आणि उरलेल्यांशी माणसाने बोलावं.

कॉलेजातल्या एखाद्या उपक्रमात हे कसं दिसेल, ते मांडून पाहू. मराठीतही उपलब्ध असलेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली, कटऑफ नेहमीचा १०. ब्रुक लेव्हिस, ब्रेट थॉम्ब्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली 'बीएमजे'मध्ये अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून दाखवलं की नीट मुलाखतीशी तुलना केली, तर ती खऱ्या रुग्णांपैकी ८८ टक्के ओळखते आणि निरोगी लोकांपैकी ८५ टक्क्यांना बरोबर सोडून देते. कामगिरी चांगलीच म्हणायची. समजा १००० विद्यार्थी आहेत आणि १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. त्यांतले ८८ सापडतील. उरलेल्या ९०० पैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जण, आजार नसताना अडकतील. यादीत २२३ नावं, त्यांतली ८८ खरी. या यादीतली नावं वर्गशिक्षकांकडे किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेली तर त्या १३५ मुलांचं काय होईल, याची काळजी वाटते. आणि ज्या १२ जणांना खरा त्रास आहे पण गुण कमी आले, त्यांना 'तू ठीक आहेस' असं सांगितलं गेलं तर ते अधिकच गंभीर.

हीच गडबड मोठ्या आकड्यांतही शिरते. याच संशोधकांनी २०२० साली ४४ अभ्यासांची माहिती तपासली. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा अधिक गुण मिळवणारे २४.६ टक्के होते. मुलाखतीने नैराश्य ठरलेले १२.१ टक्के. जवळपास दुप्पट. 'दर चौघांपैकी एक नैराश्यग्रस्त' असे मथळे वाचताना, हे निदान आहे की चाळणीचे गुण आहेत, एवढं तरी बातमीत लिहिलेलं असावं. ही अपेक्षा वृत्तपत्रांकडूनच आहे.

बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण या बाबतीत अधिक काटेकोर होतं. तिथे नुसते गुण न जोडता, ठरलेल्या आराखड्याची निदान-मुलाखत घेतली गेली. प्रौढांतलं तत्कालीन मानसिक आजारांचं प्रमाण त्यातून १०.६ टक्के निघालं. ते १२ राज्यांत झालं, आणि त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गोवाही नव्हता. आपल्याबद्दल बोलताना आपण इतर राज्यांवरून काढलेलं अनुमान वापरतो.

प्रश्नावली टाकून द्यावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. नीट वापरली तर ती किती उपयोगी पडते, याचं उदाहरणही गोव्याचंच आहे. संगत संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरच्या समुपदेशनाची चाचणी घेतली. ती २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. पीएचक्यू-९ वर १० ऐवजी १४ हून अधिक गुण असलेल्यांनाच त्यात घेतलं. रुग्णांचे दोन गट केले, त्यामुळे दुसऱ्यांदा उत्तर देताना आपोआप होणारी सुधारणा दोन्हीकडे सारखीच धरली गेली. तीन महिन्यांनी मोजमाप करायला वेगळी, बेक यांची नैराश्य-प्रश्नावलीही वापरली, आणि ती विचारणाऱ्यांना कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हतं. समुपदेशन मिळालेल्यांची लक्षणं एवढी काळजी घेऊनही स्पष्टपणे कमी निघाली.