एकाच गणातील जिवाणू, निरनिराळी भूक

दुभती गाय चारा सोडते, ताप चढतो, डोळ्यांची अंतस्त्वचा आधी फिकट व मग पिवळसर दिसू लागते. मात्र लघवी लाल होत नाही. लाल लघवी हे बबेसियाचे ठळक लक्षण होय. ती नसताना रक्तक्षय व कावीळ आढळल्यास ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल या जिवाणूचा संशय घ्यावा. व्यवहारात या सर्वांना सरसकट ‘गोचीडताप’ म्हटले जाते आणि येथेच उपचार चुकतो. बबेसिया व थायलेरिया हे आदिजीव आहेत. थायलेरियावरील बुपार्व्हाक्वोन ॲनाप्लाझ्मावर लागू पडत नाही.

गोचिडीवाटे येणारे जिवाणूही आपसांत सारखे नाहीत. ॲनाप्लाझ्मा, कुत्र्यांना ग्रासणारा एर्लिशिया व माणसात ‘इंडियन टिक टायफस’ घडविणारा रिकेट्सिया हे एकाच गणातील. तिघेही यजमानाच्या पेशीत राहतात, पण त्यांचा संसार निराळा. रिकेट्सिया पेशीद्रवात मोकळा वावरतो आणि न्यूक्लिओटाइडे, प्रसंगी ऊर्जावाहक एटीपीसुद्धा, यजमानाकडून तयार स्वरूपात उचलतो. ॲनाप्लाझ्मा व एर्लिशिया पटलाच्या पिशवीत राहतात. न्यूक्लिओटाइडे व बहुतेक जीवनसत्त्वरूप सहघटक ते स्वतः घडवितात. अवघ्या सुमारे 12 लाख बेसजोड्यांच्या जनुकसंचात ही क्षमता टिकून राहावी, हे लक्षणीय आहे. गोचिडीचा आहार केवळ रक्त, आणि रक्तात ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे तुटपुंजी. त्यामुळे हे जिवाणू गोचिडीच्या उपयोगी पडत असावेत, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. ती अद्याप शंकाच आहे.

अमिनो आम्लांबाबत मात्र हेही परावलंबी आहेत. त्यातही फरक असा की, अमेरिकेत माणसांत आढळणारा एर्लिशिया चॅफीन्सिस आर्जिनिन व लायसिन बनवू शकतो, ॲनाप्लाझ्माला ते जमत नाही. ग्लुकोज दोघांच्याही कामाचे नाही. चॅफीन्सिस कार्बनसाठी प्रोलिन व ग्लुटामिन वापरतो. लोहासाठी तो ट्रान्सफेरिनचे ग्राही आपल्या पिशवीभोवती जमवितो. त्याचा नातलग ॲनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम तसे करीत नाही. हा दुसरा एक प्रथिन सोडून पेशीची स्वभक्षण-यंत्रणा चेतवितो आणि त्यातून सुटणारी पोषकद्रव्ये मिळवितो.

भूक कशीही असो, प्रथिने बांधणे तिघांनाही अटळ आहे. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके नेमके हेच काम रोखतात; म्हणूनच गायीतील ॲनाप्लाझ्मावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरले जाते. त्याआधी कानाच्या शिरेतील रक्ताचा पातळ लेप काचपट्टीवर घेऊन तपासावा. गिम्सा रंजकाने तांबड्या पेशीच्या कडेला गडद ठिपका दिसतो. ‘मार्जिनेल’ हे नाव त्यावरूनच पडले.

बरी झालेली गाय बहुधा वाहक राहते. तिच्या रक्तातील जिवाणू गोचिडीप्रमाणेच चावणाऱ्या माश्या, शिंगे कापण्याची अवजारे व एकच सुई अनेक जनावरांना वापरण्याची सवय यांतूनही पसरतो. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक जनावरासाठी नवी सुई घ्यावी.