वाट्या त्याच, रंग निराळे

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत एखाद्या वाटींत नवा रंग कालवला, म्हणून आधीं रंगविलेल्या मूर्तीचा पीतांबर कांहीं बदलत नाहीं. सन १९९० च्या सुमाराच्या संगणकांवर मात्र नेमकें हेंच घडे!

६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा पडदा म्हणजे ३,०७,२०० ठिपके. स्मृति महाग, म्हणून प्रत्येक ठिपक्यास आठच बिटें मिळत. त्यांत प्रत्यक्ष रंग नसे, केवळ वाटीचा क्रमांक असे, ० ते २५५. कोणत्या वाटींत कोणता रंग, याची यादी निराळी, आणि ती सर्व खिडक्यांत सामाईक. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस पुढील तंटा सांगावयास नकोच. विंडोज ३.० ने २० वाट्या चौकटी व अक्षरें यांसाठीं राखल्या. उरलेल्या २३६ वर पहिला हक्क पुढील खिडकीचा. मागील चित्रानें जवळचा रंग शोधून भागवावें; तशी तजवीज नसेल, तर गुलाबी गाल क्षणांत हिरवे पडत. बिघाड कोठेंच नसे. क्रमांक तेच, वाट्यांतील रंग तेवढे पालटलेले.

पुढें स्मृति स्वस्त झाली, ठिपक्यास चोवीस बिटें मिळालीं आणि १,६७,७७,२१६ रंगांपुढें ही वांटणी संपली. जिफ चित्रांत २५६ रंगांची यादी आजही असते. पण ती ज्या त्या चित्राच्या पदरीं बांधलेली.