जिवंत आमिष आणि घशात रुतणारा गळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणातील आणि गोव्यातील खाड्यांमध्ये जिताडा (गोव्यात चोणक) आणि तांबोशी यांसारखे शिकारी मासे गरवताना जिवंत कोळंबी किंवा लहान मासा गळाला लावला जातो. अशा वेळी गळ ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात न अडकता घशात, कल्ल्यांच्या मुळाशी किंवा अन्ननलिकेत रुतण्याचा धोका असतो. माशाचे हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, घशाखाली असल्यामुळे तेथे झालेली जखम बहुधा प्राणघातक ठरते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ सागरी प्रजातींसाठी किमान आकारमान ठरवण्यात आले असून, अपुऱ्या वाढीचा मासा पाण्यात परत सोडण्याला तेव्हापासून अधिक महत्त्व आले आहे. परंतु सोडलेला मासा जगणारच नसेल, तर त्या सोडण्याला अर्थ उरत नाही. म्हणून या विषयातील काही रूढ समजुती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

गैरसमज : माशाने आमिष पूर्ण गिळेपर्यंत थांबल्यास तो हमखास लागतो.

वस्तुस्थिती : जिताडा तोंड एकाएकी उघडून पाण्याच्या ओघाबरोबर भक्ष्य आत ओढतो, त्यामुळे आमिष क्षणार्धात घशापर्यंत पोहोचू शकते. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सैल सोडून वाट पाहिल्यास नेहमीचा इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचा गळ आमिषासह खोल जातो आणि मग दिलेला हिसका त्याला तेथेच रुतवतो. काठी हातात धरणे, तंगुसात ढिलाई कमीत कमी ठेवणे आणि ओढ जाणवताच प्रतिसाद देणे हाच यावरचा पहिला उपाय होय.

गैरसमज : लहान गळ माशाला कमी इजा करतो.

वस्तुस्थिती : लहान गळाची जखम लहान असली, तरी तो गिळला जाण्याची शक्यता सर्वसाधारणपणे अधिक असते, आणि जखमेच्या आकारापेक्षा ती कोठे झाली यावर माशाचे जगणे अधिक अवलंबून असते. त्यामुळे गळ आमिषाच्या आणि अपेक्षित माशाच्या तोंडाच्या मानाने निवडावा.

गैरसमज : सर्कल हुकने मासे कमी लागतात.

वस्तुस्थिती : सर्कल हुक म्हणजे ज्याचे टोक आत वळून दांडीकडे काटकोनात रोखलेले असते असा वर्तुळाकार गळ. तो घशातून बाहेर ओढला जाताना मऊ भागावरून घसरत येतो आणि जबड्याच्या कडेशी वळून तेथे अडकतो. या आकाराची कल्पना नवी नाही. प्रशांत महासागरातील बेटांवर शिंपल्यांचे आणि हाडांचे असे गळ फार पूर्वीपासून वापरले जात होते. उत्तर प्रशांत महासागरात लांब दोरीला शेकडो गळ लावून हॅलिबट पकडणाऱ्या व्यावसायिक मच्छीमारांनी १९८० च्या दशकात हा गळ स्वीकारला, तो पकड वाढली म्हणूनच. मात्र त्याला हिसका देऊ नये, कारण हिसक्याने तो अडकण्याआधीच तोंडाबाहेर निघतो. तंगूस सावकाश ताणत नेल्यास तो स्वतःच बसतो.

गैरसमज : सर्कल हुक कोणताही असला तरी चालतो.

वस्तुस्थिती : ज्याचे टोक दांडीच्या प्रतलातून बाजूला कललेले असते, तो गळ दिसायला वर्तुळाकार असला तरी कल जास्त असल्यास साध्या गळाप्रमाणेच खोल रुतू शकतो. याच कारणास्तव अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास मासा नैसर्गिक आमिषाने गरवताना २०२१ पासून सरळ प्रतलातील सर्कल हुकच बंधनकारक करण्यात आला आहे.

गैरसमज : गिळलेला गळ काढूनच मासा सोडावा.

वस्तुस्थिती : ब्लूगिल या गोड्या पाण्यातील माशावरील प्रयोगांत, खोल रुतलेला गळ ओढून काढलेल्या माशांपेक्षा दोरी कापून सोडलेले मासे अधिक संख्येने जगले आणि त्यांपैकी अनेकांनी गळ पुढे स्वतःच बाहेर टाकला. म्हणून गळ नजरेआड गेला असल्यास मासा शक्यतो पाण्यातच ठेवून तंगूस गळाच्या जितके जवळ कापता येईल तितके जवळ कापावे. गळ चार दिवसांत गंजून विरघळतो, ही समजूतही चुकीची आहे. स्टेनलेस स्टीलचा गळ तर दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे तो टाळणे इष्ट. उलटा काटा नसलेला गळ सहज काढता येतो. परंतु तो गिळला जाणे त्यामुळे थांबत नाही.

गैरसमज : पोहत गेलेला मासा वाचला.

वस्तुस्थिती : आतील रक्तस्रावाने मासा काही तासांनी किंवा दिवसांनीही मरू शकतो. अमेरिकेत पट्टेरी बासच्या साठ्याचे मूल्यमापन करताना सोडलेल्या दर १०० माशांपैकी ९ मासे पुढे मरतात असे धरले जाते, आणि सोडलेल्या माशांची संख्या लाखोंनी असल्यामुळे ही हानी फार मोठी ठरते.

जिताड्याच्या बाबतीत ही काळजी विशेष मोलाची आहे. हा मासा सामान्यतः आधी नर म्हणून प्रौढ होतो आणि वाढत्या वयात मादी बनतो. म्हणजे लहान मासा हा उद्याची मादी असतो, तर मोठा मासा बहुधा लाखो अंडी घालणारी मादी असते. सरळ प्रतलातील सर्कल हुक, ताणलेले तंगूस आणि हाताशी ठेवलेली कात्री एवढ्या तयारीने त्यांपैकी अनेक मासे जिवंत परत जाऊ शकतात. खाडीवर गरवायला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढी तयारी अवश्य करावी.