‘फेलोशिप’ या शब्दाची घडण : सेवा-क्लबातील नेतृत्व, सख्य व सभासद-लाभ

आंतरराष्ट्रीय सेवा-क्लबांची परिचयपत्रके चाळली तर त्यांत तीन शब्द हटकून आढळतात : नेतृत्व, फेलोशिप आणि सभासदत्वाचे लाभ. पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात ही तीन निरनिराळ्या वस्तूंची नावे असतात. पहिल्याने मनुष्य घडतो, दुसऱ्याने तो रमतो आणि तिसऱ्याने त्याची काही सोय होते, अशी ती मांडणी असते. वस्तुतः या शब्दांचे परस्परसंबंध इतके सरळ नाहीत. ‘फेलोशिप’ हा शब्द उरलेल्या दोहोंपासून वेगळा काढता येतो काय, हा प्रश्न तर एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शब्दार्थाच्या अभ्यासकास असा योग क्वचितच लाभतो. यास्तव सेवा-क्लबांत ज्येष्ठ असलेल्या रोटरीच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. ‘फेलो’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या भाषेतून तो जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात आला. जुन्या नॉर्स भाषेत त्याचे रूप ‘फेलागि’ असे होते. त्यातील ‘फे’ म्हणजे गुरेढोरे आणि त्यावरून धन. उत्तरपदाचा अर्थ ‘ठेवणे, मांडणे’ असा. जो आपले धन दुसऱ्याच्या धनाशेजारी आणून मांडतो तो ‘फेलागि’, म्हणजे सामाईक उद्योगातला भागीदार. हा ‘फे’ आपल्या ‘पशु’ शब्दाचा दूरचा भाऊबंद होय, आणि धन या अर्थाचा लॅटिन ‘पेकुनिया’ हाही त्याच घराण्यातला. सोबती, मित्र, समवयस्क हे अर्थ नंतरचे. ‘क्लब’ शब्दाची कथाही फारशी निराळी नाही. सतराव्या शतकातील इंग्रजीत त्याचा क्रियापद म्हणून उपयोग होई, तेव्हा प्रत्येकाने आपला वाटा घालून सामाईक खर्च भागविणे, म्हणजे आपण ज्याला वर्गणी काढणे म्हणतो ते, असा त्याचा एक अर्थ होता.

याच्या शेजारी आपला ‘सभासद’ ठेवून पाहावा. त्यातील धातू ‘सद्’, म्हणजे बसणे. सभासदाला सभेत आसन आहे, एवढेच तो शब्द सांगतो. त्याने पदरचे काही आणून ठेवले आहे की नाही याविषयी तो मौन पाळतो. बखरकार कृष्णाजी अनंत सभासद यांच्या नावातून आपल्याला हा शब्द परिचित आहे, आणि तेथेही त्याला येतो तो वास दरबारी मानाचाच. ‘फेलो’ हा शब्द घालण्यातून निघाला, ‘सभासद’ हा बसण्यातून. मराठीत या क्लबांविषयी लिहिताना होणारा पुष्कळसा घोटाळा या भेदापाशी सुरू होतो.

अर्थात व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. एखाद्या शब्दाचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आजच्या वक्त्याच्या मनात दबा धरून बसलेला असतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु रोटरीच्या बाबतीत गंमत अशी की, संस्थेचा प्रारंभीचा इतिहास, कोणी ठरविलेले नसता, याच अर्थक्रमाने गेला.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोतील युनिटी बिल्डिंगमध्ये ७११ क्रमांकाच्या खोलीत चार गृहस्थ एकत्र जमले. पॉल हॅरिस हे वकील, गस्टाव्हस लोअर हे खाण-अभियंता, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी आणि हायरम शोरी हे शिंपीकामाच्या धंद्यातले. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या मनुष्याला गावाकडच्यासारखी ओळखीपाळखीची माणसे मिळावीत, ही हॅरिस यांची इच्छा खरी होती. परंतु त्या ओळखीतून धंदा वाढावा हीही इच्छा तितकीच खरी होती, आणि ती कोणी लपविली नाही. पुढील वर्षी नियम तयार झाले तेव्हा पहिला उद्देश सभासदांच्या धंद्याची अभिवृद्धी हा होता व सख्यभावाचा क्रम त्यानंतर लागला. प्रत्येक धंद्यातला एकच मनुष्य क्लबात घ्यावयाचा, हा ‘वर्गीकरणा’चा नियमही याच हेतूने उपयोगी पडला, एका क्लबात दोन कोळसेवाले असते तर मैत्रीला लवकरच काजळी धरली असती. सभासदांनी परस्परांना किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवण्यासाठी ‘स्टॅटिस्टिशियन’ नावाचा अधिकारी होता. आपले धन शेजारी शेजारी आणून ठेवणारे ‘फेलागि’ ते हेच.

डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट-वकिलांना सभासद होण्याविषयी विचारले, तेव्हा केवळ आपल्याच सभासदांचे भले पाहणाऱ्या संस्थेला भवितव्य नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. त्यानंतर शिकागो शहराचे हित साधणे हा तिसरा उद्देश नियमांत आला. १९०७ मध्ये क्लबाने हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी कार्य म्हणजे शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह बांधविण्याची खटपट. तेव्हा लाभ, मग सख्य, मग सेवा असा हा क्रम आहे. आजच्या परिचयपत्रकांत तो नेमका उलटा छापलेला असतो. १९१७ मध्ये लायन्स क्लबांची उभारणी झाली, तेव्हा त्यांनी रोटरीच्या या अनुभवापासून बोध घेतला असावा. सभासदांची आर्थिक भरभराट हा कोणत्याही क्लबाचा उद्देश असणार नाही, असे कलमच त्यांनी आरंभी घातले.

रोटरीने मात्र लाभाचा शब्द टाकला नाही, त्याला सेवेच्या दावणीला बांधले. विक्रेत्यांची शाळा चालविणारे आर्थर शेल्डन यांनी दिलेले, उत्तम सेवा करतो त्याला सर्वाधिक लाभ होतो अशा आशयाचे ब्रीदवाक्य १९११ पासून रूढ झाले आणि स्वार्थाहून सेवा श्रेष्ठ सांगणाऱ्या दुसऱ्या वाक्यासह ते १९५० मध्ये अधिकृत ठरले. या वाक्यातील सर्वनामाचा इतिहास भाषाभ्यासकाने नजरेआड करू नये. मूळ इंग्रजीत तेथे पुल्लिंगी एकवचन होते. २००४ मध्ये त्याच्या जागी अनेकवचन आले आणि २०१० मध्ये लिंगभेद न दाखविणारे ‘वन’ हे सर्वनाम आले. सर्वनाम बदलण्याची ही निकड कोठून उत्पन्न झाली, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील दुआर्ते या लहानशा गावी जावे लागते.

दुआर्तेच्या रोटरी क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. संस्थेच्या घटनेप्रमाणे सभासदत्व पुरुषांपुरते मर्यादित होते, म्हणून मध्यवर्ती मंडळाने क्लबाची सनद काढून घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यान्वये व्यवसायसंस्थांना लिंगावरून भेद करण्यास मनाई होती. तेव्हा वाद असा उभा राहिला की रोटरी ही मित्रमंडळी आहे की व्यवसायसंस्था? संस्थेच्या महासचिवांनी साक्षीत सांगितले की, केवळ पुरुष असल्यामुळे सभासदांना फेलोशिपचा एक विशेष प्रकार अनुभवास येतो, व निरनिराळ्या चालीरीतींच्या देशांत कार्य करणेही सुलभ होते. खालच्या न्यायालयाने सभासदांना होणारे धंद्याचे लाभ आनुषंगिक मानले. राज्याच्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये हे मत फिरविले. सभासदांच्याच साक्षींवरून त्याने निष्कर्ष काढला की, धंद्याची दृष्टी ही क्लबात येण्याची एक खरी प्रेरणा आहे आणि हे लाभ घेतलेही जातात. न्यायमूर्तींना ठाऊक असो वा नसो, ही पद्धती अर्थविचाराचीच होती. शब्दाचा अर्थ घटनेच्या पहिल्या पानावर न शोधता तो वापरणाऱ्यांच्या व्यवहारात शोधला गेला.

४ मे १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेल्या निकालपत्रात ‘फेलोशिप’च्या दाव्याची जी तपासणी आहे ती विद्यार्थ्यांनी मुळातून वाचण्याजोगी आहे. कुटुंबासारख्या जिव्हाळ्याच्या संबंधांना घटनेचे संरक्षण असते, हे मान्य करून न्यायालयाने विचारले : हे संबंध तसे आहेत काय? काही क्लबांत वीसहून कमी सभासद, तर काहींत नऊशेहून अधिक. दरसाल सुमारे एक-दशांश सभासद गळतात आणि नवे घ्यावे लागतात. अन्य क्लबांचे पाहुणे येतात, वृत्तपत्रांना कामकाज कळविले जाते. शिवाय गावातील सर्व धंद्यांचे प्रतिनिधित्व असावे, हे संस्थेचेच तत्त्व. ज्या मंडळाला समाजाचा आडवा छेद व्हावयाचे आहे, त्याने घरच्या माजघराचे विशेषाधिकार मागावेत, यात विसंगती आहे. निकाल रोटरीच्या विरुद्ध, आणि निकालात भाग घेणाऱ्या सातही न्यायमूर्तींच्या एकमताने लागला.

या निकालपत्रातील एक शब्दयोजना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. स्त्रियांना समान प्रवेश मिळावा यात राज्याचा जो हितसंबंध आहे तो केवळ वस्तू व सेवा यांपुरता नाही. नेतृत्वाची कौशल्ये आणि व्यावसायिक परिचय यांच्या प्राप्तीपर्यंत तो पोचतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे नेतृत्व हाही एक सभासद-लाभच ठरला, आणि परिचय, जो फेलोशिपचा दृश्य भाग, तोही. क्लबात नेतृत्वाची रचना पाहिली तर हे यथार्थ वाटते. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते व क्लबाच्या अध्यक्षापासून जागतिक अध्यक्षापर्यंत बहुतेक पदे एका वर्षात फिरतात. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत सभा भरे म्हणून संस्थेला ‘रोटरी’ हे नाव पडले. सभेची जागा पुढे स्थिर झाली, पण फिरण्याचा गुण पदांना चिकटला. असे नेतृत्व सत्तेपेक्षा शिक्षणक्रमासारखे असते. एवंच, ज्याला ही पाळी येऊच शकत नाही, त्याला पाहुणा म्हणून बोलावले, भाषण करू दिले, तरी काय वंचित राहिले हे कळते. १९८९ मध्ये संस्थेच्या विधान-परिषदेने पुरुषांपुरते सभासदत्व रद्द केले, आणि २०२२-२३ या वर्षी कॅनडाच्या जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या.

आता आपल्याकडे वळू. भारतात रोटरी प्रथम कलकत्त्यास १९१९ मध्ये आली, मुंबईचा क्लब १९२९ मधला. कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये जागतिक अध्यक्ष होते. संस्थेबरोबर एक भाषिक आचारही आला : सभासदांनी परस्परांस पहिल्या नावाने हाक मारावयाची. अमेरिकेत अनेक क्लबांतून ‘मिस्टर’ म्हणणाऱ्यास किरकोळ दंड करण्याची चाल होती. हा आचार मराठीत मात्र नीट रुजला नाही, याचे कारण व्याकरणात आहे. ब्राउन व गिल्मन यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात द्वितीय पुरुषी सर्वनामांची निवड सत्ता आणि सख्य या दोन तत्त्वांनी होते, असे दाखविले. इंग्रजीत ‘यू’ एकच उरल्यामुळे जवळीक दाखविण्याचे सारे ओझे नावावर पडते. मराठीत नाव उच्चारले तरी प्रश्न सुटत नाही. ‘तू ये’, ‘तुम्ही या’, ‘आपण यावे’ यांतून निवड करावीच लागते. पंचविशीतला सभासद सत्तरीतल्या वैद्यांना पहिल्या नावाने हाक मारील कदाचित, पण त्यापुढे ‘ये’ म्हणणार नाही. परिणामी नावाला ‘राव’, ‘साहेब’ किंवा ‘ताई’ जोडून तडजोड झाली. एवढेच नव्हे, तर समानता दाखविण्यासाठी आलेला ‘रोटेरियन’ हा शब्द ‘रो.’ असे संक्षिप्त रूप घेऊन ‘डॉ.’ व ‘प्रा.’ यांच्या पंक्तीस उपाधी म्हणून बसला. लायन्स क्लबांत ‘लायन’चे तेच झाले. पद सोडल्यावरही ‘पास्ट प्रेसिडेंट’ ही पदवी जन्मभर सोबत करते, त्यामुळे फिरत्या नेतृत्वाचाही एक स्थिर थर साचतो. सख्याचे चिन्ह आयात झाले आणि सत्तेच्या खात्यात जमा झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

‘फेलोशिप’ शब्दाचे मराठीतील भवितव्य याहून विचित्र आहे. विद्यापीठात त्याचा अर्थ अधिछात्रवृत्ती, म्हणजे पैसा. ख्रिस्ती मंडळींत सहभागिता. आणि क्लबाच्या कार्यक्रमपत्रिकेत, ‘व्याख्यानानंतर फेलोशिप’ अशा ओळीत, त्याचा अर्थ सरळ भोजन. या तिसऱ्या अर्थाला हसण्याचे कारण नाही, कारण एका पंक्तीला बसणे हे आपल्या समाजात सख्याचे नेहमीच मोठे प्रमाण मानले गेले आहे आणि कोण पंक्तीला बसू शकत नाही यावरून दुराव्याचेही. तथापि परिभाषा करणाऱ्यांनी ‘स्नेहभाव’, ‘बंधुभाव’ असे पर्याय सुचविताना एवढे ध्यानात घ्यावे की, पहिल्यात वाट्याचा अर्थ नाही आणि दुसऱ्यात स्त्रीला जागा नाही. ‘सहभाग’ हा शब्द, त्यातील ‘भाग’ या घटकामुळे, मूळ कल्पनेच्या पुष्कळच जवळ जातो. मात्र समितीच्या अहवालांतून तो आता ‘हजेरी’ इतका पातळ झाला आहे. जुन्या व्यापारी मराठीतला ‘पातीदार’ अर्थाने नेमका बसतो, पण क्लबाच्या फलकावर तो कोणी लावील असे वाटत नाही.