पायांची संध्याकाळ
दुखण्यासोबतचे दिवस : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण गोळ्यांच्या वेळांबद्दल बोललो. गोळी घ्यायला अर्धं मिनिट पुरतं. आजचं काम रोज अर्धा तास मागतं, त्यात गोळीसारखा तात्काळ परिणामही दिसत नाही, त्यामुळे चार-आठ दिवसांत ते सुटतंच. बधिर झालेल्या पायांची निगा हे ते काम.

वऱ्हाडात पायाखाली काय काय येतं ते पाहा. कपाशी निघाल्यावर वावरात उरलेली पऱ्हाटीची खुंटं, तुरीची धसकटं, धुऱ्यावरचा बाभळीचा काटा आणि मे महिन्यातलं डांबर. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47 अंशांच्या वर गेला होता. अशा दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी चार पावलं टाकली तरी धडधाकट माणूस चटका बसून सावलीकडे पळतो. ज्याच्या तळव्याची जाणीव गेली आहे तो मात्र निवांत प्रदक्षिणा पुरी करतो. फोड रात्री दिसतो, तोही दिसला तर.

ही जाणीव घालवणारे आपल्याकडचे दोन मोठे आजार म्हणजे मधुमेह आणि कुष्ठरोग. शुगर बरीच वर्षं चढी राहिली की बधिरपणा पायाच्या बोटांपासून वर सरकत जातो. कुष्ठरोगाचे जंतू तर मज्जातंतूंतच मुक्काम करतात. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. त्याची औषधं प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यायची असतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात. मज्जातंतूचं ताजं नुकसान वेळेवर स्टिरॉइड दिल्याने बरंच सावरू शकतं. जुनं नुकसान राहून जातं. म्हणून रोगातून बरा झालेला माणूसही पाय मात्र जन्मभर सांभाळत असतो.

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला. न कळलेलं भाजणं, न कळलेलं टोचणं आणि त्याच जखमेवर दिवसेंदिवस चालत राहणं, यांमुळे बोटं जातात हे त्यांनी दाखवलं. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. शोध घेतल्यावर कळलं की उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला पत्ताच लागत नव्हता. त्यावर ब्रँड यांनी रुग्णांना मांजर पाळायला लावलं. वेदना जे सांगत नाही ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं, हे सगळ्या निगेचं मूळ इथे सापडतं.

त्याच 1946 साली अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन सुरू केलं. दाजीसाहेब म्हणून विदर्भ त्यांना ओळखतो. 1959 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तपोवनात रुग्णांनी भीक मागायची नव्हती, शेती, विणकाम, सुतारकाम करून स्वतःच्या कष्टाची भाकर खायची होती. निगेच्या दृष्टीने मला त्यात एक मोठा धडा दिसतो. उद्या हातमागावर बसायचं आहे, वावरात जायचं आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला आज हातपाय जपायला कारण असतं. नुसतं ‘जखम होऊ नये’ हे कारण फार काळ टिकत नाही.

दुसरा धडा शेजारच्या वर्धा जिल्ह्यातला. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना स्वतःच्या हाताने मालिश करत. शास्त्री संस्कृतचे पंडित आणि येरवडा तुरुंगातले त्यांचे जुने सोबती. इथे शुश्रूषा ही दोन माणसांची रोजची भेट होती. निगेला अशी सोबत मिळाली की ती ओझं वाटेनाशी होते.

पाणी, तेल आणि नजर

आता प्रत्यक्ष कृती. दिवेलागणीची वेळ बरी, कारण दिवसभरात झालेली इजा तेव्हा सापडते. आधी पाहणं : तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. मधुमेहात डोळेही अधू होतात, त्यामुळे हे काम नातवंडावर सोपवलं तर उत्तम. मोबाइलचा टॉर्च लावून आजीच्या पायात काटा शोधणं हा लहान मुलांना खेळच वाटतो. मग हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावावी. एकाच पायाची एखादी जागा जास्त गरम लागली तर आत काहीतरी बिघडतं आहे. स्वतःच्या हातालाही बधिरपणा असेल तर दुसऱ्याचा हात घ्यावा.

पुढे मात्र दोन आजारांच्या वाटा वेगळ्या होतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला घाम येत नाही, कातडी सुकून भेगाळते. तो पाय साध्या गार पाण्यात साधारण 20 मिनिटं बुडवून ठेवतात, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासतात आणि पाय ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावतात, म्हणजे ओलावा आत राहतो. मधुमेहाच्या पायाला इतका वेळ पाण्यात ठेवू नये. कातडी लिबलिबीत होऊन जंतूंना वाट मिळते. तो झटपट धुवावा, बेचक्या कोरड्या कराव्यात आणि बेचक्या सोडून बाकी पायाला तेल लावावं. घट्टे ब्लेडने कापू नयेत आणि गरम पाण्याची पिशवी तर दोघांनीही पायाजवळ आणू नये.

चपलेचा अंगठा पकडून ठेवायला बोटांत जाणीव लागते, म्हणून बधिर पायाला मागून पट्टा असलेली, मऊ तळाची पादत्राणं हवीत. तळ खालून टणक असावा, म्हणजे काटा आरपार येत नाही. चांभाराला खिळा मारू देऊ नये, शिवून घ्यावं. आणि घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवावा.

गोडी कुठून आणायची

एवढं वाचून कुणीही म्हणेल, ‘रोज कोण करते बाप्पा!’ बरोबर आहे. म्हणूनच ही अर्ध्या तासाची वेळ मुळात हवीहवीशी असलेल्या गोष्टीला जोडायची. अंगणात सडा मारला आहे, ओट्यावर बाज टाकली आहे, आकाशवाणी अकोला लावलं आहे आणि पाय घमेल्यात आहेत, तर ते उपचारासारखं वाटतच नाही. कुणाला हरिपाठ आवडेल, कुणाला शेजारणीशी गप्पा, कुणाला तुरीच्या शेंगा सोलणं. जे आवडतं ते फक्त याच वेळेसाठी राखून ठेवलं तर पाय स्वतःच आठवण करून देतात.

ऋतूप्रमाणे बदलही हवा. उन्हाळ्यात गार पाणीच सुख देतं. पावसाळ्यात चिखल्या होतात, तेव्हा पुसण्यावर भर. हिवाळ्यात हुरड्याचा बेत जरूर ठेवावा, पण शेकोटीपासून पाय लांब, कारण बधिर पायाला ऊब आणि भाजणं यांतला फरक कळत नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणारी कावड असो की शेगावची पायी वारी, जाणीव गेलेल्याने अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. बूट घालून चाललेली वारीही वारीच असते.

थकव्याच्या, तापाच्या दिवशी सगळं जमणार नाही. त्या दिवशी फक्त पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे. पाहण्यात खंड पडला नाही तर घासणं-तेल दुसऱ्या दिवशी आपसूक परत येतं. फोड, जखम, पू किंवा गरम सूज दिसली तर मात्र घरगुती लेप न लावता लगेच दवाखाना गाठावा आणि त्या पायावर भार टाकू नये. मधुमेहींनी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तळव्याची जाणीव तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूने ती तपासतात. त्यात दुखत काहीच नाही.

इथिओपियातल्या अलर्ट या कुष्ठरोग केंद्राने 1990च्या दशकात गावोगाव रुग्णांचे गट बांधले. लोक एकत्र बसून पाय भिजवत आणि एकमेकांच्या जखमा पाहत. आपल्याकडे बचत गट गावागावांत आहेत. त्यातल्या शुगर असलेल्या चौघी-पाचजणींनी बैठकीनंतर एकमेकींचे तळवे पाहायला काही खर्च नाही. या आठवड्यात एवढंच करून बघा : सोबतीला एक माणूस आणि रोजची एक ठरलेली वेळ नक्की करा. तेल-पाण्याचं त्यानंतर पाहू.

(पुढील लेखांक : खारपाणपट्ट्यातलं पाणी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाची उन्हाळ्यातली तहान)